अपघातात जीव वाचला, मग घर कर्जात का बुडतं? कायमच्या अपंगत्वाचं आर्थिक गणित

'ट्रक-दुचाकीच्या धडकेत एक ठार, दोघे गंभीर जखमी.' अशा बातम्या रोज आपल्या फोनवर येतात. मृतांचा आकडा हेडलाइनमध्ये असतो, त्यांच्या कुटुंबाला जाहीर झालेली मदतही बातमीत असते. पण त्या 'दोघा गंभीर जखमींचं' पुढे काय होतं, हे सहसा कुणी सांगत नाही.

त्यांच्यापैकी एखाद्याचा पाय कापावा लागतो. एखाद्याच्या मणक्याला मार लागतो आणि कमरेखालचं शरीर लुळं पडतं. डॉक्टर सांगतात, "जीव वाचला, हेच खूप." घरच्यांनाही तेव्हा तसंच वाटतं. पैशांचा खरा प्रश्न उभा राहतो तो डिस्चार्ज मिळाल्यानंतर.

भारतासारख्या देशात हातावर पोट असलेल्या घरातल्या कमावत्या माणसाला कायमचं अपंगत्व आलं, तर त्या घराचं आर्थिक गणित नेमकं कसं बिघडतं? आणि मिळणारी मदत अपुरी का पडते? समजून घेऊया.

प्रश्न किती मोठा आहे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगभरात दरवर्षी सुमारे ११ लाख ९० हजार लोकांचा रस्ते अपघातांत मृत्यू होतो. त्यातले ९२ टक्के मृत्यू कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. मृत्यूंपेक्षा जखमींची संख्या कितीतरी मोठी आहे. दरवर्षी २ ते ५ कोटी लोक रस्त्यावर जखमी होतात आणि त्यातल्या अनेकांना अपंगत्व येतं.

भारतात काय स्थिती आहे? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात ४ लाख ६१ हजार ३१२ अपघात झाले. त्यात १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला आणि ४ लाख ४३ हजार ३६६ जण जखमी झाले. म्हणजे दिवसाला १,२०० हून जास्त जखमी. मृतांमध्ये जवळपास ४५ टक्के दुचाकीवरचे होते आणि जवळपास २० टक्के पायी चालणारे.

हे झाले फक्त रस्त्यावरचे अपघात. बांधकामाच्या पराचीवरून पडणं, प्रेस मशीनमध्ये बोटं जाणं, मळणी यंत्रात हात सापडणं, झाडावरून पडणं, विजेचा धक्का बसणं या दुखापती वेगळ्याच.

एका दुखापतीत दोन कमाया कशा जातात?

एक उदाहरण घेऊ. यातले आकडे फक्त हिशोब समजण्यासाठी धरलेले आहेत.

समजा, ३२ वर्षांचा एक गवंडी आहे. दिवसाला ७०० रुपये मिळतात आणि महिन्यात साधारण २५ दिवस काम असतं. म्हणजे १७,५०० रुपये. त्याची बायको दोन घरची धुणीभांडी करून ६,००० रुपये मिळवते. घरात दोन मुलं आणि म्हातारी आई. महिन्याचं उत्पन्न २३,५०० रुपये.

गवंडी तिसऱ्या मजल्यावरून पडतो. मणक्याला मार लागतो आणि दोन्ही पायांतली ताकद जाते.

पहिल्या दिवसापासून त्याची मजुरी बंद होते. रोजंदारीवर आजारपणाची पगारी रजा नसते. मग त्याला उठवणं, कूस बदलणं, अंघोळ घालणं, दवाखान्यात नेणं हे सगळं कोण करणार? बायको. त्यामुळे तिची दोन घरंही सुटतात. महिन्याभरात २३,५०० चे शून्य रुपये होतात.

इथेच अपंगत्वाचा हिशोब वेगळा ठरतो. दुखापत एकाला होते, पण कमाई दोघांची थांबते. एक कमावणारा आणि एक त्याला सांभाळणारा. शिवाय खाणारी तोंडं तेवढीच राहतात आणि औषधांचा नवा खर्च वाढतो.

हा गवंडी ६० वर्षांपर्यंत काम करू शकला असता, असं धरलं तर पुढच्या २८ वर्षांची त्याची मजुरी आजच्याच दराने ५८ लाख ८० हजार रुपये होते. मजुरी वाढेल हे तर यात धरलेलंच नाही.

पण उपचार मोफत झाले तर?

आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्राची कॅशलेस योजनाही लागू झाली आहे. त्यात अपघातानंतरच्या ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार होतात.

या योजनांचा मोठा आधार आहे, यात शंका नाही. पण त्यांची रचना बघा. आयुष्मान भारतमध्ये डिस्चार्जनंतरचा १५ दिवसांपर्यंतचा खर्च धरला जातो. मणक्याच्या दुखापतीचा खर्च मात्र आयुष्यभर चालतो.

लघवीची नळी, डायपर, एअर बेड, ड्रेसिंगचं सामान, फिजिओथेरपी, व्हीलचेअर हे सगळं लागतं. तालुक्याच्या ठिकाणी जायचं तर एसटीत चढता येत नाही, म्हणून प्रत्येक वेळी रिक्षा किंवा जीप भाड्याने करावी लागते. घरात उंबरा असतो आणि संडास अरुंद किंवा घराबाहेर असतो. व्हीलचेअर घरात फिरवायची तर बांधकाम करावं लागतं. यातला बराचसा खर्च हॉस्पिटलच्या बिलात दिसतच नाही.

हा खर्च टाळला की दुसरा मोठा खर्च येतो. कूस वेळेवर बदलली नाही, चांगली गादी नसली की पाठीला, कमरेला जखमा होतात. याला बेडसोअर म्हणतात. त्या चिघळल्या की पुन्हा ऑपरेशन आणि पुन्हा अॅडमिट. लघवीचा संसर्ग वाढला तर किडनीपर्यंत जातो. कमी उत्पन्नाच्या देशांत मणक्याची दुखापत झालेली माणसं अशा टाळता येण्यासारख्या कारणांनी लवकर दगावतात, याकडे जागतिक आरोग्य संघटनेने वारंवार लक्ष वेधलं आहे.

साधनांचीही तीच गोष्ट. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या २०२२ च्या अहवालानुसार व्हीलचेअर, श्रवणयंत्र, कृत्रिम पाय अशी सहाय्यक साधनं गरजूंना मिळण्याचं प्रमाण काही श्रीमंत देशांत ९० टक्के आहे, तर काही गरीब देशांत फक्त ३ टक्के.

गरीब घराला फटका जास्त का बसतो?

जागतिक बँक आणि सेव्हलाइफ फाउंडेशन यांनी २०२१ मध्ये याच विषयावर अभ्यास प्रसिद्ध केला. उत्तर प्रदेश, बिहार, तमिळनाडू आणि महाराष्ट्र या चार राज्यांतल्या अपघातग्रस्त कुटुंबांशी त्यासाठी बोलण्यात आलं होतं.

त्यातले काही निष्कर्ष असे:

- ७५ टक्क्यांहून जास्त गरीब कुटुंबांनी अपघातानंतर उत्पन्न घटल्याचं सांगितलं.
- गरीब कुटुंबाचं नुकसान त्याच्या सात महिन्यांच्या उत्पन्नापेक्षा जास्त होतं. श्रीमंत कुटुंबाचं एका महिन्याच्या उत्पन्नापेक्षाही कमी होतं.
- उत्पन्न घटल्याचा मोठा फटका साधारण निम्म्या महिलांना बसला. सुमारे ४० टक्के महिलांच्या कामाचं स्वरूप बदललं, तर सुमारे ११ टक्के महिलांनी जास्तीचं काम धरलं.

सात महिने आणि एक महिना या फरकाचं मुख्य कारण कमाईच्या प्रकारात आहे. गवंड्याची, हमालाची, ड्रायव्हरची कमाई थेट शरीरावर अवलंबून असते. पाय गेला की काम गेलं. ऑफिसात बसून काम करणाऱ्याचा पाय गेला, तर दुःख तेवढंच असतं, पण पगार चालू राहण्याची शक्यता असते.

मग घर चालतं कशावर?

आधी घरात असलेले पैसे संपतात. मग बायकोचं मंगळसूत्र सोनेतारणात जातं. बचतगटाचं कर्ज, मायक्रोफायनान्सचा हप्ता, नातेवाइकांकडून उसने आणि शेवटी सावकार. शेळ्या, म्हैस विकली जाते. जमीन असेल तर ती गहाण पडते.

यात एक सापळा आहे. म्हैस विकली की दुधाचं उत्पन्न गेलं. जमीन गेली की घरचं धान्य गेलं. म्हणजे आजच्या औषधांसाठी उद्याची कमाई विकली जाते. मोठ्या मुलाची शाळा सुटून तो कामाला लागला, तर दुखापतीचा परिणाम पुढच्या पिढीपर्यंत जातो.

महाराष्ट्रातल्या ऊसतोड मजुरांचं उदाहरण इथे नीट लागू पडतं. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून 'एक कोयता' धरला जातो. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती ऊस तोडून फेडायची असते. जोडीतल्या एकाला मोठी दुखापत झाली की कोयताच मोडतो. दुसऱ्याला एकट्याने पूर्ण काम करता येत नाही, पण उचल मात्र डोक्यावर राहते आणि पुढच्या हंगामात जाते.

दुखापत तीच, पण संरक्षण वेगळं

समजा, एकाच अपघातात तीन माणसांचे पाय निकामी झाले.

पहिला सरकारी कर्मचारी आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या कलम २० नुसार नोकरीत असताना अपंगत्व आलं, तर सरकारी आस्थापना त्याला काढू शकत नाही किंवा त्याचा हुद्दा कमी करू शकत नाही. ते काम जमत नसेल, तर त्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागतं.

दुसरा कारखान्यातला कामगार आहे. त्याचा ईएसआय कापला जातो. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना हे संरक्षण मिळतं. कामाशी संबंधित दुखापतीमुळे कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर वेतनाच्या ९० टक्के रक्कम दरमहा मिळत राहते. अंशतः अपंगत्व असेल तर त्या प्रमाणात.

तिसरा मजूर अड्ड्यावरून रोजंदारीवर आलेला आहे. कामावर अपघात झाला तर कायद्याने मालकाला भरपाई द्यावी लागते. पण मालक कोण? बिल्डर, ठेकेदार की उपठेकेदार? हजेरीपट नाही, पगाराची पावती नाही. तो तिथे कामाला होता, हेच आधी सिद्ध करावं लागतं.

जगातही हेच चित्र आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अलीकडच्या अहवालानुसार कामावरच्या दुखापतीसाठी प्रत्यक्ष संरक्षण असलेले कामगार सुमारे ३७ टक्केच आहेत.

सरकारी मदत किती मिळते?

- प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना: वर्षाला २० रुपये हप्ता, वय १८ ते ७०. दोन्ही डोळे, दोन्ही हात किंवा दोन्ही पाय निकामी झाले तर २ लाख रुपये. एक डोळा, एक हात किंवा एक पाय गेला तर १ लाख.
- गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना: महाराष्ट्रातले शेतकरी आणि त्यांच्या कुटुंबातील एका सदस्यासाठी. दोन अवयव निकामी झाले तर २ लाख, एक अवयव निकामी झाला तर १ लाख रुपये.
- हिट अँड रन भरपाई: धडक देऊन पळालेलं वाहन सापडलं नाही, तर गंभीर जखमीला ५०,००० रुपये.
- केंद्राची दिव्यांग पेन्शन: दारिद्र्यरेषेखालच्या, ८० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या व्यक्तीला केंद्राकडून महिना ३०० रुपये.
- संजय गांधी निराधार योजना: महाराष्ट्रात महिना १,५०० रुपये मिळत होते. दिव्यांगांसाठी ती रक्कम २,५०० करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला.

आता आपल्या उदाहरणातल्या गवंड्याकडे परत येऊ. विम्याचे २ लाख रुपये त्या घराच्या साधारण साडेआठ महिन्यांच्या उत्पन्नाएवढे आहेत. २,५०० रुपयांची पेन्शन म्हणजे आधीच्या उत्पन्नाचा जेमतेम दहावा हिस्सा. एकरकमी पैसा आला की तो आधी देणेकऱ्यांकडे जातो. पुढच्या २८ वर्षांसाठी हातात फारसं काही उरत नाही.

६० टक्के अपंगत्व, पण कमाई किती टक्के गेली?

विम्याच्या फॉर्मवर आणि सर्टिफिकेटवर अपंगत्व टक्क्यांत मोजलं जातं. पण शरीराचं नुकसान आणि कमाईचं नुकसान सारखं नसतं.

सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये एका मोटार अपघात प्रकरणात हे सोपं करून सांगितलं. डावा हात कापावा लागला तर अपंगत्व साधारण ६० टक्के धरलं जाईल. पण ती व्यक्ती ड्रायव्हर किंवा सुतार असेल, तर कमाईचं नुकसान जवळपास १०० टक्के होऊ शकतं. तीच व्यक्ती सरकारी कारकून असेल, तर कदाचित नोकरी जाणारही नाही. म्हणून भरपाई ठरवताना माणूस काय काम करत होता, हे बघणं गरजेचं आहे.

सांभाळणाऱ्याच्या कामाचं काय? २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका मुलीच्या प्रकरणात निकाल दिला. २००७ च्या अपघातावेळी ती १२ वर्षांची होती आणि तिला १०० टक्के अपंगत्व आलं होतं. न्यायाधिकरणाने तिला सुमारे ११ लाख रुपये दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम सुमारे ६२ लाखांवर नेली. त्यात फक्त दोन मदतनिसांसाठी २१ लाख ६० हजार रुपये होते. दोघांचे महिना प्रत्येकी ५,००० रुपये धरून हा हिशोब केला होता.

हेच काम घरातली बाई करते, तेव्हा ते हिशोबात येत नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के महिला घरातल्यांची काळजी घेण्याचं काम करतात. पुरुषांमध्ये हे प्रमाण २१.४ टक्के आहे.

मात्र न्यायालयाचा हा मार्ग लांबचा आहे. वरच्या प्रकरणात अपघात २००७ चा आणि अंतिम निकाल २०२० चा.

दुसऱ्या देशांनी काय केलं?

न्यूझीलंडमध्ये १९७४ पासून अपघात भरपाईची सार्वजनिक व्यवस्था आहे. चूक कुणाची, हे बघितलं जात नाही. काम करता येत नसेल, तर आधीच्या कमाईच्या ८० टक्क्यांपर्यंत रक्कम दर आठवड्याला मिळते. पण तो श्रीमंत देश आहे.

आपल्याला जवळचं उदाहरण बांगलादेशचं. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळली. कपड्यांच्या कारखान्यांतले १,१०० हून जास्त कामगार मेले आणि सुमारे २,५०० जखमी झाले. भरपाईसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या देखरेखीखाली ३ कोटी डॉलरचा निधी उभा करावा लागला. तो पूर्ण व्हायला २०१५ उजाडलं.

प्रत्येक अपघातानंतर असा निधी गोळा करणं शक्य नसतं. म्हणून जून २०२२ मध्ये तिथल्या तयार कपड्यांच्या उद्योगात प्रायोगिक योजना सुरू झाली. कायमचं अपंगत्व आलेल्या कामगाराला आणि मृत कामगाराच्या कुटुंबाला दरमहा पैसे देण्याची त्यात सोय आहे. परदेशी ब्रँड त्यासाठी पैसे देतात. योजना एकाच उद्योगापुरती आहे, पण त्यामागचा विचार महत्त्वाचा आहे. कमाई दरमहा बुडते, तर मदतही दरमहा मिळायला हवी.

अपघात झाला तर कुटुंबाने काय करावं?

- पोलिसांत नोंद करा. एफआयआर आणि हॉस्पिटलची एमएलसी नोंद याशिवाय पुढचे बहुतेक दावे अडकतात.
- प्रत्येक कागद जपा. डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं, गाडीभाड्याच्या पावत्या, फिजिओथेरपीची नोंद.
- कमाईचा पुरावा गोळा करा. हजेरीचं पान, ठेकेदाराने पाठवलेले यूपीआयचे पैसे, बांधकाम कामगार म्हणून नोंदणी, सोबतच्या मजुरांचे जबाब.
- पासबुक तपासा. २० रुपयांची कपात दिसली तर सुरक्षा विमा चालू असू शकतो. दावा शक्यतो ३० दिवसांच्या आत करा.
- गाडीचा विमा बघा. दुसऱ्याच्या गाडीने धडक दिली तर तिच्या थर्ड पार्टी विम्यातून भरपाई मागता येते. स्वतःची गाडी चालवताना अपघात झाला आणि वैध लायसन्स असेल, तर पॉलिसीतलं १५ लाखांपर्यंतचं वैयक्तिक अपघात कवच आहे का, ते बघा.
- मुदत पाळा. मोटार अपघात दाव्यासाठी कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर थांबू नका.
- यूडीआयडी कार्ड काढा. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करता येतो. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर अनेक योजनांचा लाभ मिळतो.
- वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, दिव्यांग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमाती आणि औद्योगिक कामगारांना मोफत वकील मिळू शकतो. हेल्पलाइन १५१००.

थोडक्यात

आपल्याकडच्या बहुतेक योजना दोन गोष्टींची किंमत करतात. एक हॉस्पिटलचं बिल आणि दुसरी गेलेला अवयव. त्यानंतरची वीस-तीस वर्षं, बुडालेली मजुरी आणि घरी बसावं लागलेली बायको किंवा आई यांचा हिशोब त्यात नसतो. ईएसआयसारखी दरमहा मिळणारी मदत देशात आधीपासून आहे. ती मजूर अड्ड्यावरच्या, शेतातल्या आणि कोयत्यावरच्या माणसापर्यंत पोहोचलेली नाही. तोवर अशा घरांचा सगळा भार सोनेतारण, सावकार आणि घरातल्या बायांवरच राहणार आहे.